५३ चा पट्टा खरा की खोटा: सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी वापरणाऱ्यांसाठी

जळगावात अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला ओळखून धरणारं प्रथिन) मागवायची तर दिवाळीनंतर मागवा, होळीच्या आत मागवा. नव्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. मुंबईहून निघालेला थर्माकोलचा डबा भुसावळ-जळगावात येईपर्यंत आतल्या बर्फाच्या पिशव्या कोमट झालेल्या असतात. एका वर्षी आमचा डबा शुक्रवारी संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. डबा अडीच दिवस टेबलावर पडून होता, कारण ज्यांनी सही करून घेतला त्यांना आत काय आहे ते कोणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून ऑर्डर देतानाच सांगते, माल सोमवारी पाठवा. आणि डबा घेणाऱ्या मामांना आदल्या दिवशीच जाऊन सांगते, "मामा, उद्या डबा येईल, आला की मला फोन करा."

मी जळगावच्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते, चौदा वर्षं झाली. चोपडा, शिरपूर, शहादा, नवापूर अशा ठिकाणांहून मुलं-मुली येतात. हुशार असतात, पण कंपनीच्या कागदावरचं इंग्रजी वाचून गप्प बसतात, विचारायला लाजतात. मी त्यांना जे तोंडी सांगते ते इथे लिहिते आहे. काम असं: नमुन्यातली प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची, आणि अँटिबॉडी लावून हवं ते प्रथिन पट्ट्यासारखं उठवायचं. यालाच वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. उदाहरणाला आमचंच प्रथिन घेते: माणसाचं पी-५३, पेशीला कॅन्सरपासून वाचवणारं. आमच्या भागात तंबाखू खाणारे पुष्कळ, तोंडाच्या कॅन्सरवर काम करणारी मुलंही त्यामुळे पुष्कळ, आणि त्या कामात पी-५३ हटकून येतं.

आधी कुपीत काय आहे ते समजून घ्या. सशाला माणसाचं पी-५३, किंवा त्याचा एखादा छोटा तुकडा, टोचतात. सशाच्या शरीराला ते परकं वाटतं. त्याच्या रक्तातल्या अनेक वेगवेगळ्या बी-पेशी त्याच प्रथिनाच्या वेगवेगळ्या जागा ओळखणाऱ्या अँटिबॉडी बनवतात. म्हणून पॉलिक्लोनल. गावात एकाच माणसाला कोणी चालीवरून ओळखतं, कोणी खोकल्यावरून, कोणी टोपीवरून, तसं. याचा फायदा असा की जेलमध्ये प्रथिन उलगडलं, एखादी जागा बिघडली, तरी बाकीच्या अँटिबॉडी त्याला धरतातच. सिग्नल जोरात येतो. तोटाही त्यातच आहे. एवढ्या गर्दीत दोन-चार अशा असतात, ज्या तशीच टोपी घातलेल्या दुसऱ्याच माणसाला धरतात. मग मेम्ब्रेनवर नको तिथे पट्टे उठतात. शिवाय ससा बदलला की गर्दी बदलते. तीच कंपनी, तोच कॅटलॉग नंबर, पण लॉट (एका वेळी बनवलेला माल) वेगळा असेल तर अँटिबॉडी वेगळी आहे असंच धरून चाला.

कागदावर तीन गोष्टी बघा. सशाला काय टोचलं होतं, पूर्ण प्रथिन की तुकडा, आणि तुकडा असेल तर कुठला. नुसता सीरम आहे की अफिनिटीने, म्हणजे त्याच प्रथिनावर धरून, शुद्ध केलेली आहे. शुद्ध केलेलीच घ्या, पट्टे कमी येतात. आणि कंपनीने ती कशासाठी तपासली आहे: वेस्टर्न ब्लॉटसाठी, पेशीजालाच्या (टिश्यूच्या) पातळ कापांसाठी, की दोन्हींसाठी. वेस्टर्नला उत्तम चालणारी अँटिबॉडी कापावर अजिबात न चालण्याची उदाहरणं माझ्या हाताखालून गेलेली आहेत. वेस्टर्नमध्ये प्रथिन उकळून, एसडीएस या साबणाने उलगडून सपाट केलेलं असतं. कापात ते फॉर्मलिनने जखडलेलं असतं. दोन्हीकडचं रूप वेगळं, म्हणून ओळखही वेगळी.

डबा आला की कुपी आधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. प्रवासात निम्मा माल झाकणाला चिकटलेला असतो आणि झाकण उघडताच हातमोज्याला लागून जातो. व्होर्टेक्सवर घुसळू नका, फेस येतो आणि फेसात अँटिबॉडी खराब होते. मग लेबल वाचा. निम्मं ग्लिसरॉल असेल तर ती उणे २० ला गोठत नाही. तशीच ठेवा, लागेल तेव्हा काढा. ग्लिसरॉल नसेल तर त्याच दिवशी छोट्या नळ्यांमध्ये वाटून घ्या. १०० मायक्रोलीटरची कुपी असेल तर मी १० मायक्रोलीटरच्या दहा नळ्या करते. एकास हजार पातळ केलं की १० मायक्रोलीटरचे १० मिलीलीटर होतात, एका मेम्ब्रेनला पुरतात. त्याहून लहान वाटे करू नका, नळीच्या भिंतीलाच बरीच चिकटून जाते. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही. ती ४ अंशांवर ठेवून आठवडा-दोन आठवड्यांत संपवा.

डीप फ्रीजरबद्दल एक गोष्ट. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज अँटिबॉडीला चालत नाही, कारण तो रोज थोडा गरम होतो. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीजरचं दार कोणीही उघडायचं नाही, काहीही झालं तरी. मी नळ्या थर्माकोलच्या पेटीत, गोठवलेल्या जेलच्या पिशव्यांच्या मधोमध ठेवते. वीज जाऊन चार तास झाले तरी आतला काटा फारसा हलत नाही.

आता नमुना. पेशी किंवा पेशीजाल फोडण्यासाठी रिपा बफर, आणि त्यात प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तुटणं थांबवणारा) ऐनवेळी टाकलेला, सगळं बर्फावर. पी-५३ मोठं नाजूक: निरोगी पेशीत ते बनतं आणि काही मिनिटांतच एमडीएम-२ नावाचं प्रथिन त्याला तोडायला लावतं. तुम्ही हळू काम केलंत तर जे थोडं आहे तेही जातं. प्रथिन मोजायला बीसीए पद्धत वापरा, ब्रॅडफर्डला रिपामधला साबण त्रास देतो. जेलच्या प्रत्येक खाचेत २० ते ३० मायक्रोग्रॅम, सगळ्या खाचांत सारखं. जेल १० टक्के.

जेलवरून प्रथिन मेम्ब्रेनवर उतरवणं ही पद्धत १९७९ साली टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. आणि पी-५३ चा शोधही १९७९ चाच. पी-५३ हे नावच मुळात वजनाच्या चुकीतून आलेलं आहे. ते ३९३ अमिनो आम्लांचं प्रथिन, हिशेबाने त्याचं वजन जेमतेम ४४ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं माप) भरतं. पण त्यात प्रोलीनचा एक भाग असा आहे की जेलमध्ये ते रेंगाळत चालतं आणि ५३ च्या खुणेजवळ दिसतं. मुलं हिशेब करून ४४ ला पट्टा शोधतात, तिथे सापडत नाही आणि मग घाबरतात. प्रथिनाचं हिशेबाचं वजन आणि जेलमधली जागा, दोन्ही आधी वाचून वहीत लिहा. मगच मेम्ब्रेन बघा.

पीव्हीडीएफ मेम्ब्रेन वापरत असाल तर आधी मेथॅनॉलमध्ये भिजवा, नाहीतर ते पाणी घेतच नाही. जेल आणि मेम्ब्रेनमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आम्ही काचेची नळी लाटण्यासारखी फिरवतो. १०० व्होल्टवर तासभर ते दीड तास, टाकी बर्फात. नंतर पॉन्सो एस हा रंग टाकून प्रथिनांच्या लाल रेघा बघा. रेघा सगळ्या खाचांत सारख्या दिसल्या तरच पुढे जा. इथे पाच मिनिटं घालवलीत तर पुढचे दोन दिवस वाचतात.

मग ब्लॉकिंग, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा भरून टाकणं: ५ टक्के स्किम दूध, टीबीएसटी बफरमध्ये, एक तास. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं "रूम टेम्परेचरला". लिहिणाऱ्याची खोली २० ते २५ अंशांची असते. आमची प्रयोगशाळा एप्रिलमध्ये दुपारी तीनला ३८ असते, आणि दूध दीड तासात वास मारायला लागतं. म्हणून उन्हाळ्यात ब्लॉकिंग आम्ही एसीच्या खोलीत करतो, नाही जमलं तर सकाळी सातला सुरू करतो. पाण्याचंही लक्षात घ्या. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. बफरला काचेच्या यंत्रातून उतरवलेलं डिस्टिल्ड पाणीच घ्या, आणि पीएच रोजच्या रोज बघा.

पहिल्या वेळी कुपीवरचं प्रमाण डोळे झाकून वापरू नका. एकच नमुना चार खाचांत सारखा चढवा, मेम्ब्रेन उभं कापून चार पट्ट्या करा, आणि १:५००, १:१०००, १:२०००, १:५००० असं लावून बघा. ज्या प्रमाणात ५३ चा पट्टा स्पष्ट आणि बाकी मेम्ब्रेन स्वच्छ, ते तुमचं. आमच्या सध्याच्या लॉटला कागदावर १:५०० लिहिलं होतं. आमच्याकडे १:२००० उत्तम निघालं. चौपट काम त्याच कुपीत झालं. ज्या कॉलेजला वर्षातून एकदाच पैसे मिळतात, तिथे हे फार मोठं आहे.

अँटिबॉडी लावून रात्रभर ४ अंशांवर. फ्रीजमध्ये हलवणारं यंत्र नसेल तर मेम्ब्रेन प्लास्टिकच्या पिशवीत थोड्या द्रावणात घालून, हवा काढून, तोंड गरम करून बंद करा. सकाळी टीबीएसटीने तीन वेळा, दहा-दहा मिनिटं धुवा. मग दुय्यम अँटिबॉडी: बकरीत बनवलेली, सशाच्या अँटिबॉडीला धरणारी, एचआरपी (पट्टा उजळवणारं एन्झाइम) लावलेली, १:५००० किंवा त्याहून पातळ, एक तास. पुन्हा धुवा. अँटिबॉडी टिकवायला घालतात तो सोडियम अझाइड एचआरपीला मारतो, म्हणून दुय्यमच्या द्रावणात आणि त्यानंतरच्या बफरमध्ये अझाइडचा थेंबही नको. पहिल्या अँटिबॉडीत असला तरी चालतं, तो धुऊन जातो. अझाइड विषारी आहे. उघड्या हाताने धरू नका आणि बेसिनमध्ये ओतू नका.

इथवरचं कुठल्याही कागदावर मिळेल. ज्यासाठी मी लिहायला बसले ते आता.

माझ्याकडे धुळ्याकडची एक मुलगी होती. कॅन्सरच्या पेशी म्हणून तिने हेला पेशी घेतल्या, त्या आमच्याकडे होत्याच. कॅन्सर आहे म्हणजे पी-५३ दिसणार, असं तिचं गणित. तीन वेळा ब्लॉट केला. तिसऱ्या वेळी ती अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली आणि अहिराणीतच म्हणाली, "ताई, काहीच नही शे!" डोळ्यांत पाणी. अँटिबॉडी त्याच मे महिन्यातल्या डब्यातली होती, सगळ्यांनी अँटिबॉडीलाच दोष दिला. मीसुद्धा दिला. मग एका संध्याकाळी बसून वाचलं. हेला पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा १८ नंबरचा प्रकार बसलेला आहे, आणि त्याचं ई-६ हे प्रथिन पी-५३ ला तोडून टाकतं. हेलामध्ये पी-५३ जवळजवळ नसतंच. अँटिबॉडी खरं बोलत होती. सशाची आयजीजी, म्हणजे कुपीतली ही अँटिबॉडी, तशी बऱ्यापैकी चिवट असते, अडीच दिवसांच्या उन्हाने ती मेली नव्हती.

तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत दोन खाचा राखीव असतात, त्या कोणालाही मिळत नाहीत. एक होकाराची: एमसीएफ-७ पेशी, डॉक्सोरुबिसिन देऊन रात्रभर ठेवलेल्या. त्या औषधाने डीएनएला इजा होते आणि पी-५३ साठतं, पट्टा ठसठशीत येतो. दुसरी नकाराची: एच-१२९९ पेशी, ज्यांच्यात पी-५३ च्या जनुकाचा भागच गेलेला आहे, म्हणून प्रथिन बनत नाही. पहिल्या खाचेत ५३ ला पट्टा हवा, दुसऱ्या खाचेत त्याच जागी काहीच नको. दुसऱ्या खाचेतही पट्टा आला तर तो पी-५३ नाही, मग तो कितीही सुंदर असो. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मागवता येतात. सांभाळायची सोय नसेल तर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) मागून घ्या. एक नळी लायसेट वाटे करून उणे ८० ला ठेवली तर पुष्कळ ब्लॉटना पुरते.

दुसरा फसवा पट्टा पेशीजालात असतो, आणि तो जास्त धोक्याचा. तोंडाच्या गाठीचा तुकडा आणला की त्यात रक्त असतंच. रक्तात माणसाची स्वतःची आयजीजी असते. ती जेलमध्ये मोडली की तिची जड साखळी ५० किलोडाल्टनला येते, हलकी २५ ला. तुमची दुय्यम अँटिबॉडी सशाच्या आयजीजीसाठी बनवलेली, पण माणसाची आयजीजी दिसायला फार वेगळी नाही. ती तिलाही थोडी धरते. मग ५० ला पट्टा. पी-५३ कुठे? ५३ ला. या दोघांत बोटभरही अंतर नाही. आमच्या एका विद्यार्थ्याच्या सहा नमुन्यांत गाठीत पट्टा गडद, शेजारच्या निरोगी भागात फिका. सगळे खूश, तक्ता तयार. मी त्याला म्हटलं, तेच नमुने पुन्हा चढव, पण पहिली अँटिबॉडी लावू नकोस, नुसती दुय्यम लाव. त्याने तोंड पाडलं, पण केलं. पाच पट्टे तसेच्या तसे उठले. गाठीत रक्त जास्त होतं, एवढंच ते सांगत होते.

म्हणून पेशीजालाच्या प्रत्येक नव्या संचासोबत "नुसती दुय्यम" अशी एक मेम्ब्रेन कराच. तुकडा आणल्याबरोबर थंड पीबीएस बफरमध्ये रक्त जाईपर्यंत धुवा. आणि दुय्यम अँटिबॉडी घेताना माणसाच्या आयजीजीवरून गाळून घेतलेली, म्हणजे क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब्ड, मागा. थोडी महाग पडते. घ्याच. त्या मुलाने नंतर तेच काम अशा दुय्यमने पुन्हा केलं आणि दोन नमुन्यांत खरं पी-५३ निघालं. गाठींत पी-५३ जास्त दिसलं तर ते बहुधा बिघडलेलं पी-५३ असतं. बिघडलेलं लवकर तुटत नाही, साठून राहतं.

सारखं प्रथिन चढलं होतं हे दाखवायला बीटा-अ‍ॅक्टिनची (सगळ्या पेशींत असणाऱ्या प्रथिनाची) अँटिबॉडी लावा, पट्टा ४२ ला येतो. ते उंदराच्या अँटिबॉडीने बघितलंत तर बरं, पी-५३ शी गल्लत होत नाही.

कापावर काम करायचं तर वेगळंच शिक्षण आहे, थोडक्यात सांगते. पॅराफिन काढून झालं की पीएच ६ च्या सायट्रेट बफरमध्ये ९५ अंशांच्या आसपास वीसेक मिनिटं तापवा, म्हणजे फॉर्मलिनने झाकलेल्या जागा मोकळ्या होतात. पी-५३ चा रंग केंद्रकात दिसायला हवा. फक्त बाहेरच्या भागात तपकिरी दिसलं तर अँटिबॉडी भलतीकडे चिकटली आहे.

माणसाचा नमुना घेण्याआधी नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती, तीही त्याला समजेल अशा मराठीत वाचून दाखवून. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या एका काकांचा मुलगा एकदा थेट प्रयोगशाळेत आला. "बापाच्या तुकड्याचं काय निघालं, सांगा ना ताई." मशीनवर पट्टा समोर दिसत होता. मी नाही सांगितलं. कुपीवर "फक्त संशोधनासाठी" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हा आहे, की या अँटिबॉडीवरून कोणाचं निदान करायचं नाही, कोणाच्या घरच्यांना आशा किंवा भीती द्यायची नाही. त्याला चहा पाजला आणि डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते वाक्य लहान अक्षरात असतं म्हणून मुलं वाचत नाहीत. मी प्रत्येकाला मोठ्याने वाचायला लावते.

वहीत काय लिहायचं: कंपनी, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, आल्याची तारीख, डबा उघडला तेव्हा बर्फ होता की नव्हता, वाटे किती, कोणत्या प्रमाणात चालली, होकार-नकाराच्या खाचांत काय आलं. मेम्ब्रेनचा पूर्ण फोटो चिकटवा, कापून नव्हे; खालचे-वरचे नको असलेले पट्टेही दिसू द्या. प्रबंधात आणि लेखात लॉट नंबर द्या. दुसरीकडच्या कोणाला तुमचा पट्टा मिळाला नाही तर तो आधी तेच विचारेल.

आणि कुपी संपत आली, आता दोन नळ्या उरल्या, तेव्हा त्या दोन वापरू नका. नव्या लॉटची ऑर्डर द्या. नवा आला की जुन्याची एक नळी आणि नव्याची एक, एकाच दिवशी, एकाच लायसेटवर, एमसीएफ-७ आणि एच-१२९९ शेजारी-शेजारी ठेवून लावा. पट्टा जुळला, नकाराची खाच कोरी राहिली, तर नवी कुपी कामाला घ्या. नाही जुळला तर नव्या लॉटचं प्रमाण पुन्हा १:५०० पासून काढा, आणि जुन्याची राहिलेली शेवटची नळी त्या दुसऱ्या तुलनेसाठी उणे २० मध्येच असू द्या, झाकणावर लाल टिकली लावून.